चातुर्मासात पान कापायचं नाही

अण्णा,

पुस्तक कापलं.

ओरडू नको, आधी ऐकून घे. दिवाळीच्या सकाळी, देवळात महावीरांचा निर्वाणलाडू चढवून झाल्यावर, म्हणजे आपला जैनांचा चातुर्मास रीतसर संपल्यावर कापलं. तुझ्या नियमाला धक्का लागलेला नाही. धक्का लागला तो पुस्तकाला, कारण कापणारा मी होतो. माझ्या हातून काही सरळ फाटत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? पतंगाचा कागदसुद्धा तूच फाडून द्यायचास. पहिल्याच घडीला मी चीर पाडली, ती पार मजकुरापर्यंत गेली. दोन ओळी तिरक्या तुटल्या. तू असतास तर आठ दिवस माझ्याशी बोलला नसतास.

आता तू तसाही बोलत नाहीस.

पेपरात तुझा फोटो आला. खाली लिहिलं होतं, 'तंबाखूचे जुने व्यापारी, मनमिळाऊ स्वभाव.' मी दोनदा वाचलं. मनमिळाऊ! एका दाराच्या कडीवरून सख्ख्या भावाशी चाळीस वर्षं भांडणारा माणूस मनमिळाऊ? मजकूर पद्मानं दिला होता, त्यामुळं गप्प बसलो. लेकीशी तू मनमिळाऊच होतास. आमच्या वाट्याला दुसरा अण्णा आला, आणि खरं सांगतो, आम्हाला तोच बरा वाटायचा.

लोक भेटायला येतात. तुझं कपाट बघतात, विचारतात, "ही सगळी वाचली होती त्यांनी?" मी म्हणतो, "नाही. एकही नाही." ते हसतात, आपल्याला दुःखात थट्टा सुचते असं समजतात. मग मला सगळं समजावून सांगावं लागतं. पूर्वी छापखान्यात मोठा कागद दोन्हीकडून छापायचे, त्याच्या घड्या घालायचे आणि तशाच शिवून पुस्तक विकायला पाठवायचे. घड्या वाचणाऱ्यानं आपल्या घरी कापायच्या. कुणी कापल्याच नाहीत, तर पुस्तक तसंच राहतं. काही पानं उघडी, काही वरून आणि बाजूनं जोडलेली, बंद पाकिटासारखी. उघडी पानं वाचता येतात, बंद पानांत फक्त खालच्या फटीतून डोकावायचं. अण्णा अशीच पुस्तकं जमवायचा, आणि कुणाला कापू द्यायचा नाही. कपाटात तंबाखूची वाळली पानं ठेवायचा, कसर लागू नये म्हणून. जीव मारायचा नाही, वासानं हाकलायचा. बाकीचे लोक दुर्मिळ पुस्तकं वाचायला जमवतात. आमचे बंधू न वाचायला जमवत.

एवढं सांगून झालं की समोरचा चहा पिऊन उठतो. आपल्याकडं फार खोलात कुणी जात नाही.

पण त्या एका पुस्तकाचं मी कुणाला सांगितलेलं नाही. ते तुझ्याशीच बोलायचं होतं.

वखारीत रद्दीचा गठ्ठा आला होता, त्यातून तू ते काढलंस. मी तेव्हा शाळेत. पुठ्ठा गेलेला, पहिली पानं गेलेली, त्यामुळं पुस्तकाचं नाव नाही, लिहिणाऱ्याचं नाही, छापखान्याचंही नाही. एका व्यापाऱ्याची गोष्ट. तो बैलांचा तांडा घेऊन दूर मुलखात जातो, बायकोला सांगतो की पुढच्या सुगीला येईन, आणि कैक वर्षं येत नाही. एवढं उघड्या पानांवरून कळायचं. दिवस मावळायच्या आत आपली जेवणं व्हायची, आई भांडी घासून सोप्यात यायची, आणि तू मोठ्यानं वाचायला लागायचास. बंद पानं आली की पुस्तक मांडीवर उपडं घालायचास.

"आता हितनं पुढं बंद. सांगा, काय झालं असंल?"

मग प्रत्येकानं सांगायचं. आई दोन वाक्यांत उरकायची. वडील म्हणायचे, "तांडा लुटला असंल, दुसरं काय." आणि मी सुटायचो. वाघ, पूर, राजाची मुलगी, काय वाटेल ते. तू डोळे मिटून ऐकायचास आणि मध्येच पकडायचास. "वाघ कुठनं आला रं? मागच्या पानावर वाळवंट हाय." मी वाघ मागं घ्यायचो, उंट आणायचो. आज भाचे-पुतणे लग्नकार्यात मला मध्ये बसवतात, 'काका, सांगा की एक,' म्हणतात, ते सगळं त्या बंद पानांचं देणं आहे. तू ती कापली असतीस तर मी नुसता खत-बियाणांचा दुकानदार झालो असतो. आता मी बाता मारणारा खत-बियाणांचा दुकानदार आहे.

शेवटाला मात्र खेळ राहिला नाही.

शेवटाच्या आधीच्या उघड्या पानावर तो व्यापारी आपल्या गावाच्या वेशीवर येतो. संध्याकाळ झालेली, जवळ काही उरलेलं नाही, तो विहिरीच्या काठावर बसतो. पुढं पानं बंद. मग अगदी शेवटचं पान उघडं, त्याच्यावर वर तीनच ओळी. त्यातली पहिली अर्धवट, मागच्या बंद पानावरून आलेली: '…आणि तिने दाराची कडी लावली.' खाली वाचणाऱ्यांना आशीर्वाद, आणि गोष्ट संपली.

कडी लावली तेव्हा तो आत होता, की बाहेर?

मी म्हटलं, आत. तू म्हटलास, बाहेर. तो दारापर्यंत गेला आणि मागं फिरला. मी म्हटलं, एवढी वर्षं चालत आलेला माणूस दारातून मागं फिरेल? तू म्हटलास, "त्यो तोंड दाखवायचा न्हाय. व्यापाऱ्याची जात हाय. रिकाम्या हातानं आत जायाचा न्हाय." आई माझ्या बाजूची होती. "घेतलं असंल की आत. उपाशी माणूस दारात आल्यावर कोण घेत न्हाय?" वडील म्हणाले, "झोपा आता."

तू खालच्या फटीतून बॅटरी मारून बघायचास. घड्या दमटपणानं चिकटलेल्या, कागद पापडासारखा, त्यामुळं खालच्या ओळींची नुसती टोकं दिसायची. 'उंबऱ्याप' एवढी अक्षरं आपण दोघांनी वाचली आणि दोघांनी आपापल्या बाजूला ओढली. मी म्हणायचो, उंबऱ्यापलीकडे. तू म्हणायचास, उंबऱ्यापर्यंत.

"मग काप की," मी म्हणायचो. "एक मिनिटाचं काम."

"आन् परत जोडता येतंय?"

"कशाला जोडायचं? छापलंय ते वाचायला छापलंय."

"वाचायला लई पुस्तकं हाईत जगात. न वाचलेलं एक असू दे घरात."

तुझं लग्न झालं, माझं झालं, आई-वडील गेले, वखार तुझ्या हातात आली. भांडण तेच. आपल्या दोघांत जमिनीवरून वाद झाला नाही, घरावरून झाला नाही. गावातले लोक नवल करायचे. त्यांना कडीचं माहीत नव्हतं.

आणि मग सदलग्याचा तो चातुर्मास.

आठवतंय ना? मुनिमहाराज तिथं विराजमान होते, आईचं माहेर म्हणून आपण सगळे दर्शनाला गेलो. महाराज प्रत्येकाला म्हणत, काहीतरी नियम घ्या. मी चार महिने बटाटा सोडला आणि बाहेर येईपर्यंत मला पश्चात्ताप झाला होता. वहिनीनं हिरवी भाजी सोडली. तुझी पाळी आली. तुझ्या तोंडाकडं बघूनच मला कळलं की तुला काही सोडायचं नाही. आणि तू हात जोडून म्हणालास, "महाराज, चातुर्मासात पुस्तकाचं पान कापणार न्हाय."

महाराजांनी विचारलं, का? तू सरळ चेहऱ्यानं सांगितलंस, "बंद पानांत कसर असती महाराज. सुरी फिरवली की जीव जातो. पावसाळ्यात जास्त."

महाराज इतके प्रसन्न झाले! असा नियम त्यांच्याकडं कुणी घेतला नव्हता. त्यांनी मोरपिसांची पिंछी उचलून आशीर्वाद दिला आणि सगळ्यांना तुझं उदाहरण सांगितलं. मग तुझ्याकडं वळून म्हणाले, आजीवन घ्या, दर चातुर्मासासाठी. कृत, कारित, अनुमोदना, तिन्हीसह. म्हणजे स्वतः कापायचं नाही, दुसऱ्याकडून कापून घ्यायचं नाही आणि कुणी कापलं तर त्याला बरं म्हणायचं नाही. तुझा चेहरा जरासा पडला, पण तू मान डोलावलीस.

गाडीत बसल्यावर तू जो हसायला लागलास! डोळ्यांतून पाणी आलं. "आयुष्यात कधी पान कापलं न्हाय, ते सोडलं! ह्याच्याइतका स्वस्त नियम घावायचा न्हाय."

वहिनी चिडली होती. ती चिकोडीकडची, रागावली की कन्नड आणि मराठी एकत्र बाहेर पडतं. "साकु, साकु! बास झालं! हसताय काय? भजी सोडायची हुती. महाराजांसमोर थट्टा करतंय का कोण?"

"थट्टा न्हाय, नियम हाय," तू म्हणालास, आणि पुन्हा हसलास. मी पण हसलो. निपाणी येईपर्यंत हसत होतो आपण.

ते हसणं मला आता सहन होत नाही.

कारण तुझी छाती. तू आयुष्यात तंबाखूला तोंड लावलं नाहीस, विडी ओढली नाहीस, आणि वखारीतली धूळ मात्र जन्मभर आत घेतलीस. माल उलटापालटा करताना सगळं घर शिंकायचं, तू हसायचास. ती सगळी धूळ आत कुठंतरी बसून राहिली होती. यंदा आषाढात ती उठली. निपाणीत भागेना, म्हणून पद्मानं तुला बेळगावात, टिळकवाडीतल्या आपल्या फ्लॅटवर नेलं. मोठं हॉस्पिटल जवळ, ऑक्सिजनचं मशीन घरात, लिफ्ट आहे, सगळी सोय. तुला ती सोय आवडली नाही. पहिल्याच दिवशी मला म्हणालास, "हितं वासच न्हाय रं कशाला."

मी आठवड्यातून एकदा-दोनदा बसनं यायचो. दुकानातला मुनीम म्हणायचा, मालक, तुम्हाला बेळगाव आवडायला लागलंय. यायचो आणि तुझ्या शेजारी बसायचो. मशीन घरघरायचं. सांबऱ्याला उतरणारं विमान वरून गेलं की तू बोट वर करायचास, बोलायला श्वास पुरत नव्हता म्हणून. मी दुकानातल्या गोष्टी सांगायचो, उधारीवाल्यांच्या नकला करायचो. तू हसलास की खोकला यायचा, मग वहिनी मला डोळ्यांनी दटावायची. म्हणजे माझी एकच कला, ती पण बंद झाली.

श्रावणात एकदा तू म्हणालास, "येताना ते पुस्तक घिऊन ये."

कुठलं, हे मी विचारलं नाही. पुढच्या खेपेला पिशवीतून आणलं, जुन्या पंचात गुंडाळून. तू ते छातीवर ठेवलंस. वास घेतलास. तंबाखूचा वास होताच त्याला, घरातला. मग शेवटच्या पानावर बोट ठेवून बराच वेळ पडून राहिलास.

"बाळ्या, तुझं खरं असंल का रं?"

मला समजलं नाही. म्हणजे समजलं, पण पटलं नाही.

"काय?"

"आत गेला असंल का त्यो?"

अण्णा, चाळीस वर्षांत एकदा तरी तू असं म्हणावंस म्हणून मी काय काय केलं होतं. पैज लावली, आईची शपथ घातली, वकिलासारखे मुद्दे मांडले. आणि तू आपण होऊन म्हणालास तेव्हा मला वाटलं, नको. तू तुझ्या बाजूलाच राहा, भांड माझ्याशी. तू माझ्या बाजूला आलास म्हणजे काहीतरी फार बिघडलंय.

"कापूया?" मी म्हटलं. "आत्ता. वाचून दाखवतो."

तू मान हलवलीस. "चातुर्मास."

पहिल्यांदा मला ती थट्टाच वाटली. मी हसलोसुद्धा. मग तुझं तोंड बघितलं.

त्या दिवसापासून आम्ही सगळे तुझ्या मागं लागलो. पद्मा म्हणाली, "आप्पा, आजारी माणसाला सगळं माफ असतं." तू मान हलवलीस. मी म्हटलं, प्रायश्चित्त घेता येतं, महाराजांना विचारू. तर नियम देणारे महाराज केव्हाच समाधिस्थ झालेले. मी म्हटलं, "नियम तुझा हाय, माझा न्हाय. मी कापतो, माझ्यासाठी वाचतो, तू नुसता हितं पड."

तू तीन बोटं वर केलीस. कृत, कारित, अनुमोदना.

आणि वहिनी! जिनं गाडीत तुला 'भजी सोडा' म्हणून झापलं होतं, तीच आता तुझ्या पायांशी बसून म्हणायची, "अहो, त्यो काय नियम हुता का? हसत हसत घेतलेला. त्याला देव धरत न्हाय. कापू द्या की. तुमचा जीव त्यात अडकलाय ते मला दिसत न्हाय का?"

तू थांबत थांबत बोललास, ते मी तसंच्या तसं लिहितो. "मनापासनं घेतलेला मोडला असता, तर माणूस चुकला म्हटले असते. थट्टेत घेतलेला मोडला, तर जन्मभर थट्टाच केली म्हणायची."

एवढं बोलायला तुला किती वेळ लागला. मशीनची नळी हलली म्हणून वहिनी उठली, ती सारखी करून स्वयंपाकघरात गेली. आतून भांड्यांचा आवाज आला, गरजेपेक्षा जास्त.

दर वर्षी आठ महिने मोकळे होते, अण्णा. आठ महिने. तेव्हा तुला नको होतं. तुला हवं झालं ते नेमकं या चार महिन्यांत. याच्यावर मी नंतर खूप विचार केला. पण त्याचं काही करता येत नाही, म्हणून सोडून दिला. म्हणजे सोडला असं म्हणतो.

मग मी एक युक्ती काढली. मनातल्या मनात ठरवलं की घरी नेऊन गुपचूप कापावं, वाचावं आणि तुला 'बाता मारतोय' म्हणून खरी गोष्ट सांगावी. मी पुस्तकाला हात घातला, आणि तू डोळे न उघडता म्हणालास, "र्‍हाऊ दे हितंच." माझ्या मनातलं तुला नेहमीच माझ्या आधी कळायचं. पुस्तक तुझ्या उशाशीच राहिलं.

दसऱ्याच्या आधी डॉक्टरांनी पद्माला बाजूला घेऊन सांगितलं. तिनं मला सांगितलं. वहिनीला सांगायची गरज पडली नाही. दिवाळी गाठणार नाही, एवढाच त्याचा अर्थ होता. ज्याच्या त्याच्या घरी दिवाळी म्हणजे फराळ. आमच्या घरी तेव्हा दिवाळी म्हणजे पान कापायचा दिवस, आणि तो कॅलेंडरवर समोर दिसत होता.

त्या दुपारी तू मला म्हणालास, "तू सांग."

"काय सांगू?"

"बंद पानातलं."

अण्णा, मी हजार वेळा गोष्टी सांगितल्या असतील, पण त्या दिवशी आधी पाणी मागून प्यालो. मी सुरुवात केली. तो विहिरीवरून उठला. गावात शिरला. कुत्री भुंकली, पण एक म्हातारं कुत्रं गप्प बसलं, त्यानं ओळखलं.

"एवढं जगतंय व्हय कुत्रं?" तू म्हणालास. मी कुत्रं बदललं. त्याच्या पोराचं पोर केलं. तुझ्या ओठांच्या कडा हलल्या.

तो दारात आला. त्याला हाक मारायला जमेना. तो नुसता खोकला, आणि आतून तिनं आवाज ओळखला… खोकला कशाला घातला मी, कुणास ठाऊक. जीभ चावली. पण तू म्हणालास, "मग?"

"मग तिनं दार उघडलं."

"मग?"

"बघत राहिली. मग म्हणाली, पाय धुवा."

"प्यायला पाणी दिलं?"

"दिलं."

"गार?"

"न्हाय. तापवलेलं. कोमट."

"मग बरोबर हाय," तू म्हणालास. न तापवलेलं पाणी तू जन्मात प्याला नाहीस, गोष्टीतला माणूस तरी का पिईल?

"मग ती त्याला आत घेऊन गेली. ताट वाढलं. आणि…"

"कडी?"

"लावली. आतनं."

तू एकही चूक काढली नाहीस. मी वाट बघत होतो, की आता म्हणशील, 'रिकाम्या हातानं?' म्हणशील, 'व्यापाऱ्याची जात हाय रं.' पण तू डोळे मिटलेस आणि झोपलास. बऱ्याच दिवसांत तुला तशी झोप लागली नव्हती. वहिनी दारात उभी होती, हातात कोमट पाण्याचं भांडं घेऊन. खरंच होतं. मी बनवत नाही.

दसरा झाला आणि तू गेलास. पद्मा कानाशी णमोकार मंत्र म्हणत होती. मी बसमध्ये होतो, हत्तरगीच्या टोलपाशी. फोन आला आणि मी खिडकीबाहेर बघत राहिलो. कंडक्टर कन्नडमध्ये काहीतरी विचारत होता, मी त्याला मराठीत म्हटलं, 'आमचे थोरले गेले.' त्याला ते समजलं. तो माझ्या शेजारी बसला, बेळगाव येईपर्यंत. तुला निपाणीला आणलं ते गाडीत आडवं घालून. घरात तुला एकदा तरी यायचं होतं, आणि तेवढंही तुझ्या पायांनी झालं नाही.

आता दिवाळीचं.

मी पुस्तक कापायचं म्हणत नव्हतो. कुणासाठी? पण देवळातून आल्यावर वहिनी पंचात गुंडाळलेलं पुस्तक घेऊन माझ्यासमोर आली. हातात कामटी होती, बांबूची, घासून धार केलेली. कधी घासली होती कोण जाणे.

"कापा."

"वहिनी, राहू दे की. अण्णांना आवडलं नसतं."

"त्यांचा नियम सुटला. तुमचा न्हवता, माझा बी न्हवता. कापा."

मी कापलं. कसं कापलं ते वर लिहिलंच आहे. बारीक भुकटी पडली, कसर नव्हती. एवढी वर्षं ज्या कसरीचं नाव पुढं केलंस, ती तिथं कधी नव्हतीच. तुझ्या तंबाखूनं कधीच हाकलली असणार. पानं कोरी करकरीत, पांढरी, जणू काल छापलेली. बाहेरची पानं आपल्यासारखी पिवळी पडली, आतली तशीच राहिली.

वहिनी कन्नड शाळेत शिकलेली, जुन्या टाइपातलं मराठी तिला लवकर लागत नाही. "काय लिवलंय, वाचा," ती म्हणाली. मी आधी मनात वाचलं. एकदा. पुन्हा एकदा, त्या चिरलेल्या दोन ओळी बोटानं जुळवून.

मग वर बघितलं आणि म्हणालो, "आत गेला, वहिनी. तिनं आत घेतलं त्याला."

मला वाटलं, तिला बरं वाटेल. गोड शेवट केला की माणसांना बरं वाटतं, हा माझा धंद्यातला अनुभव. आणि अण्णा, ती जी कोसळली! तू गेलास तेव्हा, गावासमोर, मसणातून आम्ही परत आलो तेव्हा, ती रडली नव्हती. आता जमिनीवर बसली आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागली.

"एवढं ऐकून गेले असते! एवढं एक! हितं लिवलेलं हुतं, उशाला हुतं, आन् मी कापलं न्हाय. कशाची भ्याले मी? चोरून कापायचं हुतं मी. पाप लागलं असतं तर मला लागलं असतं. एवढं गोड लिवलेलं, आन् तसंच कोरडं गेलं की वो माणूस…"

मी तिथं बसलो होतो, हातात कामटी घेऊन, आणि मला कळलं की मी काय केलंय.

"वहिनी," मी म्हटलं. "न्हाय. मी खोटं बोललो. ऐका."

आणि मोठ्यानं वाचलं, जसं छापलंय तसं. तो विहिरीवरून उठून अंधारात घराशी जातो. दाराच्या फटीतून दिवा दिसतो. आत एक जाणता मुलगा जेवत असतो, आणि ती त्याला वाढत असते. मुलगा मान तिरकी करून घास घेतो, आपल्यासारखाच, हे त्याला दिसतं. त्याला वाटतं, ह्यांचं ताट भरलेलं आहे. आपण आत गेलो तर आपलं कर्ज, आपलं अपयश आणि आपले हिशेब आत जातील. उंबऱ्यापर्यंत आलेला पाय तो मागं घेतो. त्याचा आवाज होतो. ती उठते, दार उघडून अंधारात बघते. बाहेर कुणी नसतं. वारा असेल असं म्हणते, आणि तिने दाराची कडी लावली.

वहिनी ऐकत होती. रडं थांबलं होतं. "परत वाचा," ती म्हणाली. मी परत वाचलं.

"म्हंजे बाहेर."

"बाहेर."

"म्हंजे ह्यांचंच खरं हुतं पयल्यापासनं."

"व्हय."

तिनं पदरानं तोंड पुसलं. "मग बरं झालं," ती म्हणाली. "बरं झालं न्हाय कापलं. त्या नियमानंच राखलं त्यास्नी. तुम्ही सांगितलेलं ऐकून गेले ते. कोमट पाणी, ताट, सगळं." उठताना गुडघ्यावर हात ठेवून थांबली आणि मला दम दिला, अगदी तू लहानपणी द्यायचास तसा. "आता त्यास्नी हे सांगू नका हं. तुमच्या पोटात काय ऱ्हात न्हाय."

आणि बसलोय बघ मी लिहीत.

तिचं ऐकायला हवं होतं. पण मला हे गिळून बसता येत नाही. मी हरलोय, अण्णा, पुराव्यासकट, आणि हरलोय हे सांगायला दुसरा माणूस मला नाही. पुस्तक समोर उघडं पडलंय, चीर गेलेली दोन पानं वर करून. त्या सोप्यात तुझी जागा आहे. मी तिकडं तोंड करून बसलोय आणि वाट बघतोय, की तू मांडीवर थाप मारून म्हणशील, 'सांगितलंवतं का न्हाय मी?'

म्हण की. माझी काही हरकत नाही. हवं तर सगळ्यांसमोर म्हण.